उतारावर कुणी म्हातारं होत नाही

रविवार, ८ मार्च

आज डोंगरातल्या सायकलवाटा दुरुस्त करायचा दिवस. वरच्या वळणाची माती पावसाने वाहून गेली होती, ती भरायला आम्ही आठ-नऊ जण फावडी घेऊन गेलो. दुपारी शेगडी नेहमीप्रमाणे वॉरिककडे. कांदे करपून कोळसा झाले, सगळे खोकायला लागले, आणि हा पठ्ठ्या हातात चिमटा धरून धुरात शांत उभा. नाक गहाण टाकलंस का, म्हणून मी ओरडले, तर म्हणे मला वासच आला नाही.

मग सॉसेज-पाव खाताना माझ्याजवळ सरकला आणि म्हणाला, "कोरल, मला ब मधून काढ. क मध्ये टाक."

मी आधी हसले. मग गणित डोक्यात शिरलं आणि हसू पळालं. क्लबच्या सायकलस्वारांची वर्गवारी माझ्याकडे आहे, कारण हे काम दुसऱ्या कुणालाही नको असतं. अ वर्गाचे चार गुण, ब चे तीन, क चे दोन, ड चा एक. संघात चौघे, आणि चौघांचे मिळून दहाच्या वर जाता कामा नयेत, नाहीतर सगळे दांडगे एकाच संघात गोळा होतील. आमच्या संघात मी क, लायल क, वॉरिक ब. टॅमझिन यायला तयार आहे, पण ती अ. म्हणजे अकरा. वॉरिक क मध्ये आला की बरोब्बर दहा. आणि मे महिन्यात बेटावरच्या सगळ्या क्लबांची सहा तासांची सांघिक शर्यत आहे, जिची ढाल आमच्या गावाने आजवर फक्त लांबून बघितली आहे.

मी म्हटलं, कारण सांग. म्हणाला, "वय झालं." म्हटलं, वय माझंही झालंय. शनिवारी मागून येऊन बघते, मग ठरवू.

अठरा वर्षं एका संघात आहोत आम्ही. हा माणूस मला असल्या कामाला लावेल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, १४ मार्च

माझा एक नियम आहे आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी तो ऐकवते. म्हातारपण चढणीवर दिसतं, उतारावर कुणी म्हातारं होत नाही. चढायला छाती लागते, मांड्या लागतात, त्या वयाबरोबर जातात. उतरायला कसब लागतं, आणि ते पोहण्यासारखं असतं, एकदा आलं की आलं. म्हणून चढताना मागे पडलेल्याला मी बिनबोभाट खालच्या वर्गात घेते. उतारावर मागे पडणारा मात्र मुद्दाम ब्रेकवर बोटं ठेवून बसलेला असतो.

आज जुन्या कथिलाच्या खाणीपासून वॉरिकच्या मागे निघाले. चढणीवर गडी असा गेला की माझी जीभ बाहेर आली. अंगात एवढा दम, आणि म्हणे वय झालं! वर पोचून वळलो, आणि नाटक सुरू झालं. प्रत्येक वळणावर करकचून ब्रेक. ओल्या दगडांवर एक पाय खाली टेकलेला. आणि शेवटी वॉरिकच्या फळीवर, म्हणजे जो ग्रॅनाइटचा उतरता कातळ त्याने स्वतः शोधून घासूनपुसून मोकळा केला, ज्याला आम्ही त्याचंच नाव दिलं, तिथे हा चक्क उतरला आणि सायकल हातात धरून चालत खाली आला.

खाली तारेचं फाटक आहे. ते उघडलं आणि तसाच उभा राहिला. डोळे जमिनीवर, पाय जणू चिकटलेले. मला वाटलं, आता कबूल करणार, शब्द शोधतोय. बराच वेळ गेला. मी म्हटलं, "पाऊल उचल की बाबा, आपल्याच गावचं फाटक आहे." तो म्हणाला, "थांब जरा." शेवटी वैतागून मी माझी सायकल त्याच्या पुढ्यातून आडवी काढली, तर माझ्या चाकावरून टांग टाकायला निघाल्यासारखा पाय उचलून चालू लागला. म्हणजे घाई केली की सगळं येतं साहेबांना.

चेहरा मात्र दगडाचा. चोरी पकडली गेल्यावर माणूस निदान ओशाळतो.

मंगळवार, १७ मार्च

मी चालवते ती शाळेची बस लावून जनेलच्या बेकरीत पाव आणायला गेले. गिऱ्हाईक नव्हतं. तिने पाव बांधता बांधता विचारलं, "वॉरिकने तुला काही सांगितलं का?"

"सांगितलं ना. क मध्ये टाक म्हणाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग टाक ना कोरल. एवढं काय त्यात."

आता बायकोलाही ढालीची हाव सुटली म्हणायची. मी सुटे पैसे घेतले आणि बाहेर पडले.

गुरुवार, २६ मार्च

माझा वाढदिवस. शिंपल्यांची करी भरलेली पेस्ट्री केली, वॉरिक आणि जनेलला बोलावलं. न बोलावते तर गावात चर्चा झाली असती. मी जळवेची गोष्ट सांगितली. लायलच्या चड्डीत जळू शिरली होती ती. दर वर्षी सांगते आणि दर वर्षी वॉरिक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो. आज भिंतीसारखा बसला. बोलतोही इतकं हळू की दोनदा काय म्हणालास विचारावं लागलं. मन खात असेल त्याला.

निघताना कोटाची बटणं लावत बसला. एक लावून होईना, तेव्हा जनेलने सगळी लावून दिली. एवढा लाडावलेला नवरा मी पाहिला नाही.

माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं त्या वर्षी ह्याने मला आणि माझ्या सायकलला, दोघींना, डोंगरावरून खाली आणलं होतं. रात्री भांडी घासताना तेच आठवत होतं. दिला क वर्ग तर कुणाचं काय बिघडणार आहे? लायल क्लबचे अध्यक्ष आहेत आणि तेही म्हणतात, देऊन टाक. पण मग उद्या दुसरा येईल. शिवाय फायदा माझ्याच संघाचा आहे, आणि म्हणूनच मला देता येत नाही. लोक म्हणतील, कोरलने घरचंच ताट आधी वाढून घेतलं.

नाही दिला. ब म्हणजे ब.

रविवार, १२ एप्रिल

क्लबची चाचणी शर्यत. टॅमझिन दुसऱ्या संघात, आमच्यात चौथा लायलचा जावई. प्रत्येकाने एक फेरी मारून यायची, तंबूच्या तोंडाशी आखलेल्या दोरीपाशी सायकलवरून उतरायचं, आत जाऊन घोट्याला बांधलेला वेळ मोजायचा पट्टा सोडून पुढच्याला द्यायचा.

वॉरिकची दुसरी पाळी होती. चढणीवर त्याने दोघांना मागे टाकलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उतरून आला तोवर पाच जण पुढे गेले होते. मग तंबूच्या तोंडाशी सायकलवरून उतरला आणि दोरीच्या अलीकडे उभा राहिला. आत लायल हात पुढे करून ओरडताहेत, "ये, ये, अरे ये ना!" आणि हा दोन पावलांवर, पुतळा. मागून येणारे त्याला चुकवून आत शिरत होते. शेवटी लायलनीच बाहेर येऊन त्याच्या पायाचा पट्टा सोडवून घेतला.

आम्ही शेवटून दुसरे आलो. टॅमझिन माझ्यापाशी येऊन म्हणाली, "एवढ्या उघडपणे? निदान आपल्यासमोर थोडी लाज ठेवायची."

मी तक्रार केली. स्वतःच्या संघातल्या माणसाविरुद्ध. कोणाला तरी करायलाच हवी होती.

मंगळवार, २१ एप्रिल

बैठक झाली. लायल, मी, टॅमझिन आणि आणखी तिघे. वॉरिक टेबलाच्या टोकाला बसला होता, हात मांडीवर. चहा समोर तसाच.

लायलना हे सगळं नको झालं होतं. ते म्हणत राहिले की वॉरिक, काही असेल तर सांग, सांधे धरलेत का, चष्मा बदललास का.  मग मी सरळ विचारलं. "उतारावर तुला जमत नाही, की तू मुद्दाम हळू चालवलीस? दोन्हींपैकी एक सांग."

त्याने चहाचा कप हळूच बाजूला सारला.

"मुद्दाम," तो म्हणाला.

टॅमझिन लालबुंद होऊन उठली आणि त्याच्या तोंडावर म्हणाली की मी तुमच्याकडून उतरायला शिकले, आता लोकांना सांगायची लाज वाटेल. त्याने मान हलवली. शिक्षा ठरली, हा पूर्ण हंगाम बाहेर. लायलनी ती वाचून दाखवली.

जाताना तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बरोबर केलंस." मी बरोबरच होते, ते आता सिद्धही झालं. तरी जेवण गेलं नाही. बहुतेक त्या मेल्या बैठकीतल्या शिळ्या केकने पोट बिघडलं.

बुधवार, ६ मे

पोरांना सोडून रिकामी बस घेऊन परत येत होते. वॉरिक दिसला, नदीकाठच्या रस्त्याने सायकलवर, काय सुरेख चालला होता. पाय घड्याळाच्या काट्यासारखे फिरत होते. मी मुद्दाम मागे राहिले. हंगामभर बाहेर काढलाय तरी मिजास बघा, असं मनात आलं.

घराच्या फाटकाशी उतरला आणि तिथेच थांबला. तोच पुतळा. आता इथे कुणाला दाखवायचं होतं? रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी बस बाजूला घेतली आणि बघत बसले. पाऊस सुरू झाला. तो हलला नाही.

जनेल आतून धावत आली, हातात वाटाण्याच्या वेलाला लावतात तसली काठी. ती काठी तिने त्याच्या बुटांपुढे जमिनीवर आडवी ठेवली. त्याने खाली पाहिलं, पाय उचलला, काठी ओलांडली आणि चालत घरात गेला. जनेल काठी उचलायला वाकली तेव्हा तिला बस दिसली.

नवरा-बायकोचा काय खेळ चाललाय, काही कळलं नाही. मी हात केला. तिने केला नाही. बस डेपोत लावून घरी आले आहे आणि बुटांतून पाणी निथळतंय. चौदा मार्चला मी माझी सायकल त्याच्या पुढ्यातून आडवी काढली होती.

गुरुवार, ७ मे

बेकरी बंद व्हायच्या वेळी गेले. जनेलने दाराला कडी घातली आणि पिठाच्या हातांनीच बोलायला लागली.

कंपवात. तीन वर्षं झाली. मी म्हटलं, पण त्याचा हात तर कापत नाही. ती म्हणाली, सगळ्यांचा कापत नाही, डॉक्टरही आधी फसले. वास जातो. आवाज बसतो. चेहरा हलत नाही, आत हसत असला तरी. बोटांना ब्रेक वेळेवर सापडत नाही, तोल जातो, म्हणून उतार गेला. सायकलवर बसला की पाय आपोआप फिरतात, चढणीवर तर कुणाला काही कळतही नाही. जमिनीवर उतरला की पाय चालायचं विसरतात. पुढ्यात काही आडवं ठेवलं तर आठवतं. गोळ्या आहेत, कधी लागू पडतात, कधी नाही.

"बरा होईल?" मी मूर्खासारखं विचारलं.

"नाही होत, कोरल."

मग तिने मला एक पाव बांधून दिला. मी नको म्हणत होते. तो इथे टेबलावर पडलाय.

शनिवार, ९ मे

गेले. तो खिडकीपाशी बसला होता. मी रडायचं नाही ठरवलं होतं, ते दारातच मोडलं. त्याने मला रडू दिलं.

मला का सांगितलं नाहीस, म्हणून मी भांडले. तो म्हणाला, सांगितलं असतं तर काय केलं असतंस? मी म्हटलं, त्याच दिवशी क मध्ये टाकलं असतं.

"आणि प्रत्येक वळणावर मागे वळून बघितलं असतंस. शेगडीपासून उठवलं असतंस. बस वॉरिक, मी आणते म्हणाली असतीस." आवाज इतका बारीक की मी खुर्ची ओढून जवळ गेले. "जनेल करते तेवढं पुष्कळ आहे."

मी सांगितलं की आज संध्याकाळीच लायलकडे जाते, शिक्षा रद्द करायला लावते, टॅमझिनला तुझी माफी मागायला लावते. मी स्वतः सगळ्यांसमोर मागते.

"नको."

"अरे, गावभर तुला लबाड म्हणताहेत."

"म्हणू दे." मग थांबत थांबत बोलला, मी एकेक शब्द वेचत होते. "तू विचारलंस, जमत नाही की मुद्दाम. जमत नाही हे तीन वर्षं माझ्या घरात राहतंय, कोरल. मी मुद्दाम म्हणालो, आणि सगळे चिडले माझ्यावर. ती पोरगी तर लाल झाली. किती बरं वाटलं म्हणून सांगू. आजारी माणसावर कुणी चिडत नाही."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"ह्या गावात तीसेक माणसांना अजून वाटतं की वॉरिकने मनात आणलं तर तो त्या कातळावरून सुसाट खाली येईल. मला नाही वाटत. जनेलला नाही. आजपासून तुलाही नाही. बाकीची तेवढी राहू दे."

अठरा वर्षांत त्याने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. पहिली मी दिली नाही.

रविवार, २४ मे

आम्ही जिंकलो. वॉरिक बाहेर, टॅमझिन आत, दहा गुण बरोब्बर. टॅमझिन वाऱ्यासारखी उतरली, जसं त्याने शिकवलं तसं. ढाल माझ्या हातात दिली, कारण नियमाने वागून जिंकता येतं हे कोरलने दाखवलं, असं लायल सगळ्यांसमोर बोलले. टाळ्या पडल्या. मी ढाल लायलच्या जावयाकडे देऊन टाकली.

परतताना गाडीत लायलचा जावई म्हणाला, "वॉरिक गेला आणि ढाल आली." सगळे हसले. मीही हसले. न हसून कसं चाललं असतं?

ढाल पबच्या भिंतीवर लावणार आहेत.

शुक्रवार, १९ जून

पबमध्ये कुणीतरी म्हणालं की वॉरिक आता रस्त्यावरही मुद्दाम हळू चालतो, अंगवळणीच पडलं त्याच्या. मी ग्लास खाली ठेवला. तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "हो ना, खोडच लागलीय त्याला." घरी येऊन उशीत तोंड खुपसून बसले.

शनिवार, १८ जुलै

तो पडला. सायकलवरून नाही, न्हाणीघरात. सायकल आता शेडमध्ये टांगलेली असते. मी दर शनिवारी जाते, जनेल तेवढ्या वेळात झोपून घेते. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्यात. त्यामुळे हात नको तिकडे उडतात, पाय मात्र तसेच.

मी त्याला जळवेची गोष्ट सांगितली. चेहरा हलला नाही. पण शेवटी लायलचं वाक्य यायच्या आत तो स्वतःच ते पुटपुटला.

रविवार, ३० ऑगस्ट

पुढच्या हंगामाची वर्गवारी ठरवायला बसलो. वॉरिकचं नाव आलं तेव्हा लायल म्हणाले, वगळ, तो काही आता येत नाही. टॅमझिन म्हणाली, ड मध्ये घाला, हळूच चालवायची हौस आहे ना. लोक हसले.

"ब," मी म्हटलं.

लायलनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ढोंग करणाऱ्याला मी खाली उतरवत नाही. तो ब होता आणि ब च राहील. टॅमझिनने टेबलावर थाप मारून शाबासकी दिली. माझा कडकपणा सगळ्यांना फार आवडतो.

तिथून थेट त्याच्याकडे गेले आणि सांगितलं.

"वाद झाला?" त्याने विचारलं.

"झाला. मी म्हटलं, एक नंबरचा लबाड आहे, त्याच्यावर नजर ठेवायला हवी."

चेहऱ्याची वाट बघायची मी आता सोडून दिली आहे. थोड्या वेळाने तो म्हणाला, अंगणात जाऊ, ऊन आलंय. जनेलने त्याला उभं केलं. दारापर्यंत आला आणि थांबला. जनेलने काठी ठेवली. तो काठीकडे बघत राहिला. तिने काठी उचलून पुन्हा ठेवली, मी माझा बूट काढून पुढे ठेवला, मग झाडू. काही उपयोग नाही. त्याचे गुडघे कापायला लागले. जनेल भिंतीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. ऊन अंगणातून कुंपणापलीकडे सरकलं.

मी त्याच्या कानाशी गेले. जनेललाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "मुद्दाम करतोयस ना?"

"हो," तो म्हणाला.